सातव्या महिन्यातला नकार

माझा उजवा गुडघा सामन्याच्या ६१ व्या मिनिटाला गेला. कुणी धक्का दिला नव्हता, पाय कुणाच्या पायात अडकला नव्हता, मैदान ओलंही नव्हतं. मी फुटबॉलमध्ये उजव्या बगलेवर बचाव करते. समोरची खेळाडू चेंडू घेऊन येत होती, मी तिच्यावर धावून गेले. तिने एका बाजूला जाण्याची हूल दिली आणि दुसरीकडे वळली. तिला अडवायला मी पूर्ण वेगात असतानाच उजवा पाय रोवला. पाऊल जागच्या जागी राहिलं, गुडघा आत गेला आणि वरचं अंग फिरलं. आतून ‘टक्’ झालं. तो आवाज मी कानांनी ऐकला की नुसता हाडांत जाणवला, हे आजही मला सांगता येत नाही.

वेदना काही सेकंदच असह्य होत्या. मग त्या ओसरल्या, मी उठले आणि रेषेबाहेर चालत गेले. चालता येतंय म्हणजे फार काही नाही, असं मला वाटलं, बाकावरच्या सगळ्यांनाही तसंच वाटलं. आमच्या फिजिओने मात्र मला लगेच आडवं केलं. गुडघा जरासा वाकवून तिने एका हाताने मांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने नडगीचं हाड पुढे ओढून पाहिलं. याला लॅकमन चाचणी म्हणतात. सूज चढण्याआधी आणि स्नायू आखडण्याआधी केली तर जाणत्या हाताला तिथेच कळतं. आतला लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना जोडणारा बंध, शाबूत असेल तर हाड थोडं सरकून ठाम अडतं. माझं अडलं नाही. तिने डावा गुडघा तपासला, पुन्हा उजवा तपासला आणि हळू आवाजात म्हणाली, “स्कॅन करून घेऊ.” तिचा चेहरा पाहून मी पुढचं काही विचारलं नाही.

रात्रीपर्यंत गुडघ्याचा आकारच नाहीसा झाला, वाटी कुठे आहे ते कळेना. दुखापतीनंतर काही तासांतच एवढी सूज आली तर बहुतेक वेळा आत रक्तस्राव झालेला असतो, आणि अशा रक्ताने भरलेल्या गुडघ्यांत एसीएल, म्हणजे सांध्याच्या आतून मांडीचं हाड आणि नडगी जोडणारा लिगामेंट, तुटल्याचं फार वेळा आढळतं. एमआरआयमध्ये तेच निघालं. एसीएल पूर्ण तुटलेला, बाहेरच्या बाजूचा मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी, फाटलेला, आतल्या बाजूचा लिगामेंट, एमसीएल, अर्धवट फाटलेला.

एमसीएलबद्दल सर्जन म्हणाले, “त्याला हात लावायचा नाही, तो स्वतःच जुळेल.” मग एसीएल का नाही जुळत, असं मी विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एमसीएल सांध्याच्या बाजूने, भोवतालच्या ऊतींना चिकटून असतो. तिथे रक्तपुरवठा बरा असतो, रक्ताची गुठळी धरते आणि त्या गुठळीवरच नवा धागा विणला जातो. एसीएल सांध्याच्या पोकळीतून तिरका जातो. भोवती सतत वंगणासारखा द्रव असतो, त्यात गुठळी टिकत नाही आणि तुटलेली दोन टोकं बहुधा एकमेकांपासून दूरच राहतात. मांडीच्या हाडाखालून नडगी पुढे घसरू न देणं आणि गुडघ्याचं फिरणं आवरणं, ही त्याची कामं. सरळ चालायला, सायकल चालवायला तो नसला तरी निभतं. थांबायचं, वळायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं, तिथे त्याची उणीव लगेच कळते. माझा खेळ म्हणजे हेच सगळं.

पुढचे कित्येक आठवडे माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पाय जरा वेगळा टाकला असता तर? थोडी मागे राहिले असते तर? मी सहकाऱ्यांना, आईला, सगळ्यांना तेच विचारत होते. शेवटी सर्जनांनी सांगितलं की अशा दुखापतींचे व्हिडिओ चित्राचित्राने मोजलेले आहेत. पाऊल टेकल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत एसीएल तुटतो. धोका ओळखून स्नायू आवळायला शरीराला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या क्षणी मी ठरवून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बहुतेक एसीएल असेच, कुणी गुडघ्याला न धडकता तुटतात, हेही मला तेव्हाच कळलं. त्या एका आकड्याने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. जे काही करायचं ते त्या ५० मिलिसेकंदांच्या आधी, सरावात, उतरण्याच्या आणि थांबण्याच्या सवयी बदलून करायचं असतं.

शस्त्रक्रिया करायचीच का, हा प्रश्नही मी विचारला. तो विचारायला हवा असं मला वाटतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात १२१ तरुणांचे दोन गट केले होते. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असं ठरवलं. दुसऱ्या गटातल्या अर्ध्याहून अधिक लोकांना पहिल्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती जवळपास सारखी राहिली. पण त्यांत व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते. माझा मेनिस्कस फाटलेला होता आणि मला दर आठवड्याला शेकडो वेळा दिशा बदलायची होती. सैल गुडघ्यावर तसं खेळत राहिले असते तर उरलेला मेनिस्कसही गेला असता. मी शस्त्रक्रियेला होकार दिला.

ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवायचा टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा, कुठून घ्यायचा यावर दोन बैठका झाल्या. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा घ्यायचा, की वाटीखालच्या पटेलर टेंडनचा मधला पट्टा दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसकट काढायचा. हाड हाडात लवकर धरतं, म्हणून दुसऱ्याची पकड लवकर पक्की होते. त्याची किंमत अशी की पुढे गुडघे टेकून बसताना दुखू शकतं. माझं सगळं खेळणं वेगावर आहे, धावताना हॅमस्ट्रिंग मला पूर्ण हवा होता, म्हणून मी पटेलर निवडला. माझे सांधे मुळातच सैल आहेत आणि वय २४, म्हणून सर्जनांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा पट्टी ओढून बसवायचं सुचवलं. ६१८ तरुणांच्या एका चाचणीत या पट्टीमुळे ग्राफ्ट फाटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं होतं. ते सगळे ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचे होते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मला वाटलं होतं, आता दुसऱ्याच दिवशी टेबलावर घेतील. त्यांनी पाच आठवडे थांबवलं. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, सूज उतरली पाहिजे, लंगडणं गेलं पाहिजे, मग शस्त्रक्रिया. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात ग्राफ्ट घातला तर तो पुढे कायमचा ताठर होण्याचा धोका वाढतो. ते आठवडे मी रागात काढले. आज मला ते सगळ्यांत उपयोगी आठवडे वाटतात, कारण शस्त्रक्रियेनंतर जे करायचं होतं ते मी तेव्हाच शिकले होते.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुर्बिणीतून झाली, मेनिस्कसला टाके पडले, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या आणि ९० अंशांपलीकडे गुडघा वाकवायला मनाई.

दुसऱ्या दिवशी फिजिओ म्हणाली, “मांडी आवळ.” मी आवळली. काहीच झालं नाही. मी खाली पाहिलं, मांडी तशीच पडलेली होती. डाव्या पायाला सांगितलं, तो लगेच टणक झाला. उजव्याला पुन्हा सांगितलं, दात आवळून सांगितलं, आणि तिथे कुणी ऐकणारंच नव्हतं. वयाच्या नवव्या वर्षापासून या पायाने मी चेंडू मारत आले, आणि तो माझा असल्याची खूण देत नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. गुडघा तुटला तेव्हा रडले नव्हते.

फिजिओने नंतर समजावलं की सांध्यात सूज आणि इजा असली की तिथून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच क्वाड्रिसेप्सला, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला, दाबून टाकतात. स्नायू धड असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. मग मांडीवर पॅड लावून विजेच्या झटक्यांनी स्नायू आवळायचा, आणि यंत्र आवळत असतानाच मी मनाने आवळायचं. दिवसातून कितीतरी वेळा. सहाव्या दिवशी वाटीच्या वर, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी थरथर दिसली. मी तिचा व्हिडिओ काढून ठेवला आहे. माझ्याकडे गोलांचेही व्हिडिओ आहेत, पण हा मी जास्त वेळा पाहिला आहे.

दुसरी लढाई गुडघा सरळ करण्याची. बाहेरच्या माणसाला वाटतं, वाकवणं अवघड असेल. वाकणं हळूहळू येतं. सरळ होण्यातले शेवटचे तीन-चार अंश हट्टी असतात, आणि ते राहिले तर माणूस कायम किंचित वाकलेल्या पायावर चालतो, क्वाड्रिसेप्स कधीच पूर्ण जागा होत नाही. कधीकधी ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ धरते आणि सरळ होण्याची वाटच अडते. तिची मला धास्ती होती. दिवसातून पाच-सहा वेळा मी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायची आणि गुडघा अधांतरी सोडून द्यायची. दहा मिनिटं. नुसतं पडून राहायचं आणि मागच्या शिरा ताणल्या जाताना श्वास सोडत राहायचं. पालथं झोपून दोन्ही पावलं पलंगाबाहेर काढायची आणि कुठली टाच किती वर आहे ते आई पट्टीने मोजायची. सुरुवातीला चार सेंटीमीटरचा फरक होता. सातव्या आठवड्यात तिने पट्टी दोनदा लावून पाहिली आणि काही न बोलता मला पट्टीच हातात दिली.

सूज तपासायची एक साधी रीत फिजिओने शिकवली. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात वर सारायचा, मग बाहेरच्या बाजूने खाली सारायचा आणि आतल्या खळग्याकडे बघायचं. पाणी असेल तर तिथे छोटी लाट येते. रोज सकाळी उठल्यावर आधी ही लाट बघायची. व्यायाम जास्त झाला की नाही, हे त्या दिवशीचं दुखणं सांगत नाही, दुसऱ्या सकाळची लाट सांगते.

तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं. जिना मोकळेपणी उतरता यायला लागला. मला बरं वाटत होतं, आणि मी एकदा शेवटच्या दोन पायऱ्यांवरून उडी मारली. फिजिओ एवढी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती. तिने मला खाली बसवून सांगितलं ते मी नंतर प्रत्येक जखमी खेळाडूला सांगत आले आहे. ग्राफ्ट बसवताना तो निव्वळ टेंडनचा तुकडा असतो. आत गेल्यावर त्याच्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या येतात, नव्या पेशी येऊन त्याची वीण बदलतात. या उलथापालथीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास, तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर झालेला असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखायचं थांबतं. वेदनेवर भरवसा ठेवून वाढलेल्या खेळाडूला हे पचवणं जड जातं. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की दुखलं तर थांब, नाही दुखलं तर पळ.

पळायला लागायला साडेचार महिने गेले. पहिल्या दिवशी एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं आठ वेळा. त्याबद्दल एवढंच.

खरा प्रसंग सातव्या महिन्यात आला. माझा करार हंगामाअखेर संपत होता आणि संघ खालच्या स्थानांवर घसरला होता. क्लबच्या व्यवस्थापकांनी बोलावून विचारलं, “शेवटच्या पाच सामन्यांना तुझं नाव धरू ना?” त्यांनी अमेरिकन फुटबॉलमधल्या एड्रियन पीटरसनचं उदाहरण दिलं. २४ डिसेंबर २०११ ला त्याचे एसीएल आणि एमसीएल दोन्ही फाटले, पुढच्या सप्टेंबरात तो मैदानावर होता, आणि त्या हंगामात २०९७ यार्ड धावून सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोष्ट खरी आहे. पण असं उदाहरण लोकांच्या लक्षात राहतं ते विरळा म्हणूनच. युरोपातल्या अव्वल पुरुष फुटबॉलपटूंचा पाठपुरावा केलेला आहे. वर्षभरात जवळपास सगळे सरावाला परततात, आणि तीन वर्षांनी त्याच उच्च पातळीवर खेळताना दिसतात ते ६५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांची नावं कुणी उदाहरणात घेत नाही.

त्याच आठवड्यात माझी चाचणी होती. एका पायावरच्या उड्यांची लांबी डाव्याच्या ९५ टक्के आली. प्रशिक्षक खूश झाले. फिजिओने व्हिडिओ थांबवून दाखवला. उतरताना गुडघा जेमतेम वाकत होता, सगळा भार कंबर आणि घोटा घेत होते. लांबी बरोबर येत होती, गुडघा काम चुकवत होता. मग यंत्रावर बसवून क्वाड्रिसेप्सची ताकद मोजली. उजवा डाव्याच्या ८६ टक्के. ९० ची अट असते, म्हणजे चारच कमी, असं व्यवस्थापक म्हणाले. पण सात महिन्यांत माझा डावा पायही खंगला होता. हंगामाआधी निरोगी असताना घेतलेला माझाच जुना आकडा फाइलमध्ये होता. त्याच्याशी ताडून पाहिलं तर उजवा ७७ टक्क्यांवर होता.

फिजिओने माझ्यासमोर आणखी एक अभ्यास ठेवला. ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला, १०६ जणांचा. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार न करता वळणावळणाच्या खेळांत परतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांचा गुडघा दोन वर्षांत पुन्हा जखमी झाला. कसोट्या पार करून परतलेल्यांत ते प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली होतं. आणि नवव्या महिन्यापर्यंत परतणं जेवढे महिने लांबवलं, तेवढ्या दर महिन्यामागे धोका जवळपास निम्म्याने उतरत गेला. अभ्यास लहान आहे, हे तिने सांगितलं. तरी ते दोन आकडे मी हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

मी म्हणाले, “सर, मी या हंगामात खेळणार नाही.” ते रागावले नाहीत. त्यांनी कराराची आठवण करून दिली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. न खेळलेल्या खेळाडूचा करार कोण वाढवतो? माझे पाय कापत होते, पण आवाज कापला नाही. फिजिओ माझ्या शेजारी उभी होती आणि तिने वैद्यकीय टिपणावर सही करून ते टेबलावर ठेवलं. तिचीही नोकरी त्याच क्लबात होती. तिचे उपकार मी कशाने फेडणार?

त्या काळात मला फुटबॉलपटू व्हर्जिल व्हॅन डाइकचा आधार वाटायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा गुडघा गेला. पुढच्या मे महिन्यात युरो स्पर्धा तोंडावर असताना, आणि तो नेदरलँड्सचा कर्णधार असताना, त्याने स्वतःच आपण जाणार नसल्याचं जाहीर केलं. देशाच्या कर्णधाराला नाही म्हणता येतं तर मलाही येईल, असं मी स्वतःला सांगायची. पण त्याच्यामागे भक्कम करार होता. माझ्यासारख्यांच्या मागे तो नसतो, आणि म्हणून खेळाडूने नाही म्हणायचं की नाही हे तिच्या धैर्यावर सोडू नये. मोजमाप ठरवावं, आणि क्लबने ते पाळावं.

महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा दोन ते तीन पटींनी जास्त आढळते. २०२३ च्या महिला विश्वचषकात इंग्लंडच्या लीआ विल्यमसन आणि बेथ मीड आणि नेदरलँड्सची व्हिव्हियाने मिडेमा तिघीही याच कारणाने नव्हत्या, तिघीही तेव्हा एकाच क्लबच्या. याची कारणं शोधताना लोक चटकन आमच्या कमरेच्या हाडांकडे आणि पाळीकडे बोट दाखवतात. शरीराचा वाटा असेलही. पण मी सोळाव्या वर्षापर्यंत वजनं कशी उचलायची असतात हे पाहिलं नव्हतं, उडीवरून कसं उतरायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुरुषांच्या संघाला तीन फिजिओ होते तेव्हा आम्हाला एक, तीही अर्धवेळ. हे बदलता येण्यासारखं आहे, आणि ते बदललं नाही याचा मला मनापासून राग आहे. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा सरावाआधीचा कार्यक्रम वीसेक मिनिटांचा आहे, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही आणि नियमित केला तर दुखापती कमी होतात, हे वारंवार दिसलेलं आहे. माझ्या कुठल्याच बाल-संघात तो नव्हता.

दहाव्या महिन्यात आकडे जमले. जुन्या आकड्याच्या ९४ टक्के. भीती मात्र आकड्यांत बसत नव्हती. सरावात मी उजवीकडच्या खेळाडूवर धावून जाताना दोन पावलं आधीच मंदावत होते, आणि मला ते कळतही नव्हतं. प्रशिक्षकांनी दाखवलं तेव्हा कळलं. मग फिजिओने विचारलं, “तो व्हिडिओ बघायचा का?” माझ्या दुखापतीचा तो व्हिडिओ दहा महिने मी टाळला होता. आम्ही दोघींनी दार लावून पाहिला. आठ सेकंदांचा आहे. पाहिल्यावर लक्षात आलं की शेवटचं पाऊल शरीरापासून फार लांब पडलं होतं आणि माझी नजर चेंडूवर होती, तिच्या कमरेवर नव्हती.

पुढचे पाच आठवडे आम्ही तेवढाच प्रसंग केला. धाव, हूल, छोटी पावलं, थांब, वळ. आधी ठरलेल्या बाजूला, मग शिटीवर, मग समोर खरी खेळाडू ठेवून, मग दमल्यावर. काही दिवस मी नव्वद-नव्वद वेळा केलं. भीती गेली असं झालं नाही. ती पावलांच्या मागे पडली.

बाराव्या महिन्यात, दुसऱ्या क्लबकडून, कमी पैशांच्या करारावर, मी शेवटची वीस मिनिटं खेळले. चौथ्याच मिनिटाला उजव्या बगलेवरून एकजण चेंडू घेऊन आली, तिने हूल दिली, मी थांबले आणि वळले. चेंडू मिळाला नाही, ती निघून गेली आणि आमच्या मधल्या बचावपटूने तो बाहेर मारला. माझ्याशिवाय त्या क्षणाकडे मैदानावर कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

वाटीखालच्या व्रणाशेजारी रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. गुडघे टेकून बसले की दुखतं. पुढे चाळिशीच्या आत या सांध्याची झीज सुरू होऊ शकते आणि डाव्या गुडघ्यालाही आता धोका जास्त आहे, हे मला सांगितलेलं आहे.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पलंगावरच बसले, आतून वर तळहात सारला, बाहेरून खाली सारला. खळग्यात बारीक लाट आली. प्रशिक्षकांना फोन करून मी त्या दिवशी धावणार नाही असं कळवलं.